कानिफची पेटी

पुणतांब्याच्या अलीकडं रेल्वेच्या रुळाला लागून एक कच्चा रस्ता जातो, त्या रस्त्यावर चिंचवस्ती. वस्तीच्या तोंडाशीच पत्र्याची शेड, शेडवर पाटी: 'कानिफनाथ मोटर वाईंडिंग'. आता कानिफनाथला शोधायला आत शिरू नका, तो बिचारा सहा वर्षांपूर्वीच गेला. आत बसते त्याची बायको, गोजरबाई. वय अठ्ठावन्न. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली, बोटांना वार्निशचा वास, दाताला मिश्री. आणि तोंडातून जे बाहेर पडतं ते मिश्रीपेक्षा झोंबणारं.

गिऱ्हाईक मोटर घेऊन आलं की आधी शिव्या, मग चहा, मग मोटर. हा क्रम कधी चुकायचा नाही.

"आक्का, मोटर जळाली," असं कुणी म्हणालं की संपलंच.

"जळाली? बसल्या बसल्या आपली आपन जळाली व्हय? जाळली म्हन की मेल्या."

आणि गंमत बघा, शिव्या खाऊनही माणूस परत तिच्याकडंच यायचा. कारण गोजरबाईनं बांधलेली मोटर दहा वर्षं हूं म्हणत नसे. लोकांना वाटायचं कानिफ मोठा कारागीर. होता तो चांगला, नाही कशाला म्हणा. पण मोटरीतलं नाजूक काम, केसासारखी तार गुंडाळून एकसारखी वेटोळी करायची, ते काम तीस वर्षं घराच्या ओट्यावर हीच करत होती. कानिफ मोटर उघडायचा आणि मोटर मिटायचा, मधलं सगळं बायकोचं. वेटोळी मोजताना कुणी हाक मारली तर ही ओ द्यायची नाही. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, लई शिष्ट आहे. शिष्ट नव्हती हो, एकशे सत्तावीसवर होती! ओ दिली असती तर पुन्हा एकपासून.

शेड मात्र तिची नव्हती, तिच्या नवऱ्याचीही नव्हती. जागा वस्तीची सामाईक. फार आधी ठरलेलं होतं, की वस्तीच्या पिण्याच्या पाण्याची मोटर जो सांभाळेल, त्यानं शेड आणि तिच्यामागची राहायची खोली वापरावी. मोटर सुटली की शेड सुटली. गोजरबाईला ना शेत, ना मूलबाळ. तिचं जे काही होतं ते त्या पत्र्याखाली.

आणि समोर, रस्त्याच्या पलीकडं, काचेचं दुकान: 'रंगनाथ इन्व्हर्टर आणि सोलर'. हा रंगनाथ म्हणजे तिचा सख्खा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा हा नऊ वर्षांचा, याचं नाक पुसायला तिचाच पदर. ती 'रंग्या' म्हणायची, तो 'वयनी, भाकर दे' म्हणायचा. मग कानिफ गेला. तेराव्याची पंगत अजून उठली नव्हती, तेवढ्यात यानं शेडची किल्ली मागितली.

"बाईमानूस मोटरीत काय करनार?" म्हणाला.

गोजरबाईनं किल्ली कमरेला खोचली. त्या दिवसापासून ती त्याला 'रंगनाथराव' म्हणायला लागली, आणि तो तिला 'गोजरबाई'. दोघांचं बोलणं इतकं आदराचं झालं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

सहा वर्षं हे असं. तो दुकानाच्या दारात झाडू मारायचा तो धूळ रस्त्यापलीकडं जाईल असा. ही जुन्या मोटरीचं जळकं वार्निश जाळायची ते वारं त्याच्याकडं असेल तेव्हाच. तुम्ही म्हणाल, लहान मुलांसारखं काय भांडतात! लहान मुलं संध्याकाळपर्यंत विसरतात, हाच काय तो फरक.

दिवाळीच्या आसपास ज्योतीचं प्रकरण झालं. ज्योती वस्तीतलीच, नवरा श्रीरामपूरला नोकरीला. तिनं रंगनाथकडून घरचा इन्व्हर्टर घेतला. घेताना रंगनाथ म्हणाला, "ताई, घरातलं सगळं चालतं याच्यावर." पंधरा दिवसांत इन्व्हर्टर गप. ज्योती गोजरबाईला घरी घेऊन गेली.

गोजरबाईनं आधी सगळी बटणं बंद केली. मग एकेक वस्तू लावून बघायला लागली.

"असं का गं आक्का?" ज्योतीनं विचारलं.

"घरात भांडन लागलं तर एकेक पाव्हना भाईर काढायचा. मग कळतं कोन भांडतंय. मिक्सर चालत हुता का?"

"व्हय."

"चालनारच. त्याच्यात कार्बन असतो, ती मोटर भोळी. मिळंल ते खाती आन् पळती. फक्त भांडं गच्च भरून चालू करू नको. पंखा?"

"चालायचा, पन घुं घुं करायचा."

गोजरबाई स्टुलावर चढली, पंख्याची वाटी खाली केली आणि आतला कंडेन्सर बाहेर काढला. चांगला करंजीसारखा फुगला होता.

"हे बघ. पंख्याला, फ्रिजला गुळगुळीत वीज लागती. ह्या स्वस्तातल्या डब्यातून ती निघती तुकड्यातुकड्यानं, ठोकळ्यावानी. म्हनून पंखा कन्हतो आन् कंडेन्सर तापून फुगतो. आता खरं सांग, याच्यावर चक्की लावलीस ना?"

ज्योतीनं मान खाली घातली. घरगुती पिठाची चक्की, तिचीच हौस.

"अगं बये, चक्की चालताना जेवढं मागती ना, त्याच्या पाच-सहा पट उठताना मागती. शेळीच्या पाठीवर म्हैस बसवलीस तू! दळन लाईट असताना दळ. फ्रिज लावायचा तर साइन वेव्हचा, म्हंजे गुळगुळीत विजेचा, मोठा इन्व्हर्टर घे. फ्रिज बंद पडला की पाच मिन्टं थांबून मग चालू कर. आन् दोन मोटरी एकदम उठवायच्या न्हाईत, एक उठली की मग दुसरी."

ज्योतीनं हे सगळं मीठमसाला लावून रंगनाथला ऐकवलं. तो तरातरा रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. शेडमध्ये पाय ठेवायचा नाही, ही त्याची शपथ.

"गोजरबाई, माझ्या मालाची बदनामी बंद करा!"

"माल चांगला हाय, रंगनाथराव. 'सगळं चालतं' म्हननारं तोंड तेवढं बदला."

रंगनाथनं ते बोलणं नीट घडी घालून ठेवलं, लागेल तेव्हा काढायला.

लागलं ते माघ महिन्यात. वस्तीच्या विहिरीवर सोलर आलं. आता इथं थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पेटी काय ते कळायचं नाही.

वस्तीची मोटर पाच एचपीची, तीन फेजवर चालणारी. पूर्वी लाईनला तीनातले दोनच फेज यायचे आणि मोटर नुसती गुरगुरायची. तेव्हा कानिफनं एक लोखंडी पेटी बनवली, आत दोन जाडजूड कंडेन्सर. दोन फेज आले की कंडेन्सर तिसऱ्याची उणीव भरून काढायचे आणि मोटर उठायची. आसपासच्या वस्त्या कोरड्या, चिंचवस्तीच्या नळाला पाणी! कानिफनं लाल रंगानं स्वतःच्या हातानं पेटीवर लिहिलं होतं: 'हात लावू नये'. दरवर्षी दसऱ्याला विहिरीवर मोटरीची पूजा व्हायची, झेंडूची माळ आधी मोटरीला, मग पेटीला. कानिफ गेल्यापासून गोजरबाई आधी पेटीला घालायची.

तर सोलर आलं. जुनं वीज कनेक्शन सोडून दिलं. पॅनेल आली, आणि भिंतीवर ड्राईव्ह आला. ड्राईव्ह म्हणजे मोठ्या मोटरीचा इन्व्हर्टर समजा. पॅनेलची वीज घेतो, तिचे तीन फेज करतो, मोटरीला एकदम धक्का न देता हळूहळू पळवत नेतो. ऊन कमी झालं तर मोटरीचा वेग कमी करतो. शहाणं यंत्र. बसवायचं काम रंगनाथकडं. त्याच आठवड्यात मोटरीचं वाईंडिंग नव्यानं करून दिलं गोजरबाईनं.

बसवायच्या दिवशी रंगनाथनं जुन्या पेटीच्या नटाला पाना लावला, आणि विहिरीच्या खोलीच्या दारातून आवाज आला,

"त्या पेटीला हात लावला तर बोटं ठेवनार न्हाई. त्यांच्या हातची हाय ती."

रंगनाथनं दोन्ही हात वर केले. "ऱ्हाऊ द्या. तुमची पेटी तुमाला लखलाभ."

आणि त्यानं काय केलं, ड्राईव्हच्या तीन तारा सरळ त्या पेटीत नेऊन जोडल्या. पेटीतून जुन्या तारा मोटरीला होत्याच. तिनं हट्टानं ठेवायला लावली, त्यानं रागानं ठेवली. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की बाबा, आत काय आहे ते तरी बघू.

तिसऱ्या दिवशी ड्राईव्ह अडखळायला लागला. चालू केला की पडद्यावर 'ओसी' अशी दोन अक्षरं यायची, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला, आणि बंद. पुन्हा चालू, पुन्हा ओसी. आठव्या दिवशी आतून फाट् आवाज आला, जळका वास सुटला, ड्राईव्ह मेला. रंगनाथनं दुसरा आणला, आणि त्याच्या सेटिंगमधली करंटची मर्यादाच वाढवून ठेवली, म्हणजे ओसी यायलाच नको! तो एका दिवसात गेला.

आता वस्तीला पाणी नाही. उन्हाळा तोंडावर. बायका हंडे घेऊन रुळापलीकडच्या विहिरीवर. आणि रंगनाथ घरोघर सांगत सुटला, "ओसी म्हंजे मोटर शॉर्ट. म्हातारीनं वाईंडिंग बिघडवलंय. डोळ्याला दिसत न्हाई, हात थरथरतो. दोन ड्राईव्ह खाल्ले तिनं."

गोजरबाईनं मोटरीला मेगर लावून बघितला. तारेतून वीज कुठं गळते का ते दाखवणारं यंत्र असतं ते. एक थेंब गळत नव्हती. पण ती सांगणार कुणाला? हंडा डोक्यावर असलेल्या बाईला मेगरचा काटा दाखवून काय होतंय? ज्योतीसुद्धा तिच्या शेडकडं न बघता पुढं जायला लागली.

शेवटी पुंजारामनानांनी मारुतीच्या पारावर सगळ्यांना बोलावलं. नाना वस्तीतले सगळ्यांत वडील, त्यांचा शब्द चालायचा.

"रंगा तिसरा ड्राईव्ह आनतोय," नाना म्हणाले. "कंपनीनं सांगितलंय, हा शेवटचा. सोमवारी दहाला विहिरीवर समद्यांम्होरं लावायचा. गोजरा, वाईंडिंग खराब निघालं तर मोटर तुझ्याकडनं जाईल."

"आन् शेड?" रंगनाथ लगेच बोलला.

"ठरल्यापरमानं. मोटरीबरूबर."

रंगनाथ गोजरबाईकडं बघून हसला. "काळजी करू नका. तुमचं सामान मी सोता टेम्पोत भरून देतो."

"तुमचं सामान तेवढ्यात आत आनू नका," गोजरबाई म्हणाली. "शेडमदी उंदीर आदीच लई झालेत."

पण घरी आल्यावर तिनं भाकरी थापायला घेतली आणि पीठ परातीत तसंच राहिलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिनं जायचं कुठं? माहेरी भाऊ नाही. आणि हात थरथरतो म्हणे! तिनं दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून बघितले. थरथरत होते की. रागानं, पण थरथरत होते.

सोमवारी सकाळी विहिरीवर निम्मी वस्ती जमली. ऊन चांगलं कडक. रंगनाथनं नवा ड्राईव्ह बसवला, तारा पुन्हा त्याच पेटीत नेल्या आणि इस्त्रीच्या शर्टावरची धूळ झटकली. पॅनेलचा स्विच वर केला, ड्राईव्हचं बटण दाबलं. क्षणभर घुर्र झालं. पडद्यावर ओसी.

"बघा!" रंगनाथ ओरडला. "बघा नाना! मोटर शॉर्ट!"

बायकांमधून एक चुकचुक निघाली. गोजरबाई पुढं आली.

"पुन्हा बटन दाबू नका, रंगनाथराव. करंटच्या सेटिंगला तर बोटबी लावू नका. आदी स्विच पाडा. मला एकेक पाव्हना भाईर काढायचाय."

"आता काय तमाशा?"

"स्विच पाडा."

नानांनी मान हलवली तेव्हा रंगनाथनं स्विच पाडला. ड्राईव्हमध्ये स्विच पाडल्यावरही वीज साठून राहते, ती उतरून लाल दिवा विझायला दहा मिनिटं तरी द्यावी लागतात. गोजरबाई पायरीवर बसली. रंगनाथला कुठला धीर. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन ड्राईव्हचं झाकण उघडून आत हात घालणार, एवढ्यात,

"रंग्या, हात काढ!"

रंगनाथचा हात हवेतच राहिला. सहा वर्षांत हे नाव त्या तोंडातून निघालं नव्हतं. गोजरबाई स्वतःवरच अशी चिडली की तिनं पदर ओढून तोंड फिरवलं.

"लाल दिवा जळतोय अजून," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "दिसत न्हाई का? दुसऱ्याचे डोळे गेले म्हनून सांगता."

रंगनाथनं हात काढून घेतला. कान लाल. "रंगनाथराव म्हना," तो म्हणाला.

"हात काढा, रंगनाथराव."

मग ती दहा मिनिटं दोघं एकमेकांकडं पाठ करून बसली. मधे सगळी वस्ती.

दिवा विझला. गोजरबाई उठली, तिनं पेटीच्या खालून मोटरीकडं जाणाऱ्या तीन तारा सोडवल्या, टोकांना टेप गुंडाळला आणि तारा मुठीत धरून बाजूला उभी राहिली. आता मोटरीचा कशाशीच संबंध नव्हता.

"लावा," ती म्हणाली.

"मोटर न जोडता?"

"लावा म्हनते ना."

रंगनाथनं स्विच वर केला, बटण दाबलं. ओसी.

"काय आलं, रंगनाथराव? मोठ्यानं वाचा."

रंगनाथ रुमालानं पडदा पुसायला लागला.

"ओसी आलं," ज्योती मागून म्हणाली.

"मोटर शॉर्ट म्हन्ले हुते न्हवं? मोटर तर माझ्या मुठीत हाय." तिनं तारा वर धरल्या.

एकदम गलका झाला. हंडेवाल्या बायका हसायला लागल्या. पुंजारामनाना काठी आपटून म्हणाले, "म्हंजे मोटर चांगली! रंगा, तुझा ड्राईव्हच भंगार दिसतोय!"

रंगनाथचा चेहरा बघण्यासारखा झाला. तीन ड्राईव्ह, तिन्ही त्यानंच आणलेले. ही बातमी श्रीरामपूरपर्यंत गेली असती आणि त्याच्या काचेच्या दुकानात माशी फिरकली नसती.

गोजरबाईनं नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. बास. शेड वाचली होती, वैरी उताणा पडला होता, तेही सगळ्या वस्तीसमोर. सहा वर्षं जे स्वप्न बघितलं ते हात जोडून दारात उभं होतं.

पण तिची नजर पेटीवर गेली होती. ड्राईव्ह आणि मोटर यांच्या मधे. मोटर बाहेर काढली तरी भांडण चालूच, म्हणजे भांडणारा पाहुणा अजून आत होता. लाल अक्षरं, वाळलेली झेंडूची माळ. आणि तिला ज्योतीच्या पंख्याचा तो करंजीसारखा फुगलेला कंडेन्सर आठवला. तुकड्यातुकड्याची वीज. ड्राईव्ह तरी दुसरं काय देतो? सेकंदाला हजारो तुकडे! आणि कानिफचे दोन जाडजूड कंडेन्सर प्रत्येक तुकड्यावर झडप घालणार. ड्राईव्हचा जीव जाईल नाहीतर काय?

पेटी तिनंच ठेवायला लावली होती.

"स्विच पाडा," ती म्हणाली. "पुन्हा धा मिन्टं थांबा."

आता खरं सांगायचं तर तिनं ते तेव्हाच बोलून टाकायला हवं होतं. नाही बोलली. दहा मिनिटं रंगनाथला घाम पुसू दिला. नाना त्याला काहीबाही सुनावत होते, बायका टोमणे मारत होत्या, ही पायरीवर बसून ऐकत होती. देवमाणूस नव्हती हो ती. दहा मिनिटं तर दहा मिनिटं, तिनं चवीनं खाल्ली.

मग उठली. माळ काढून पदरात घेतली. पेटीचं झाकण उघडलं, बल्बाच्या दोन वायरी कंडेन्सरला टेकवून आत साठलेली वीज उतरवली. बल्ब भपकन पेटून विझला. पक्कड मागितली आणि दोन्ही कंडेन्सरच्या तारा कचाकच तोडल्या. मग पेटीच भिंतीवरून उतरवून खाली ठेवली आणि ड्राईव्हच्या तीन तारा थेट मोटरीच्या तारांना जोडल्या.

"आक्का, त्यांच्या हातची पेटी?" ज्योती म्हणाली.

"त्यांनी केली तवा बराबर हुती. दोन फेजवर मोटर उठवायला केली हुती. ड्राईव्ह आन् मोटरीच्या मधी कंडेन्सर चालत न्हाई, हे आज कळलं मला." ती नानांकडं वळली. "नाना, ड्राईव्ह भंगार न्हाई. मी पेटी काढू दिली न्हाई. दोन ड्राईव्ह गेले ते त्याच्यापायी."

रंगनाथनं मान वर केली. त्याचा चेहरा इतका पटकन बदलला, की बघणाऱ्याला कळेना हा तोच माणूस का.

"ऐकलं का समद्यांनी? माझे दोन ड्राईव्ह हिच्या नवऱ्यानं मारले!"

"माझा नवरा," गोजरबाई शांतपणे म्हणाली, "तुमचा कोनीच न्हवता का?"

रंगनाथची नजर पेटीवरच्या लाल अक्षरांवर गेली.

"मेलेल्या मानसावर ढकलू नका. ठेवा म्हनली ती मी, आन् आत काय हाय ते न बघता तारा जोडल्या ते तुमी. माझ्या डोळ्याला दिसत न्हाई, तुमाला तर दिसतं ना? आता स्विच वर करा, बटन दाबा. लोकांना घरी स्वयपाक हायेत."

बटण दाबलं. पडद्यावर वेगाचे आकडे चढायला लागले, पाच, दहा, वीस. मोटर झोपेतून उठणाऱ्या म्हशीसारखी सावकाश हलली, मग तिचा आवाज एकसारखा झाला. गोजरबाईनं चिमट्याचा मीटर तिन्ही तारांना एकामागून एक लावला. तिन्हींत करंट सारखा. टाकीच्या पाइपात आधी नुसती हवा फसफसली आणि मग धो धो पाणी. बायका हंडे घेऊन टाकीकडं पळाल्या. विहिरीवर तिघंच उरले.

"वाईंडिंग चांगलं हाय," नाना म्हणाले. "मोटर गोजराकडं, शेडबी गोजराकडं. रंगा, बोल काय ते."

"मोटर चालती," रंगनाथ म्हणाला.

"आन् वाईंडिंग?" गोजरबाईनं विचारलं.

"मोटर चालती म्हनलं ना."

"मी चारचौघांत माझी चूक बोलले, रंगनाथराव. तुमाला दोन शब्द जड झाले?"

रंगनाथनं स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि निघून गेला. 'वाईंडिंग चांगलं' हे दोन शब्द त्यानं आजपर्यंत बोललेले नाहीत. ती वाट बघत नाही असं ती सांगते, आणि दर महिन्याला एकदा तरी आठवण काढते.

रिकामी पेटी गोजरबाईनं डोक्यावर घेऊन शेडमध्ये आणली. तिच्या गादीमागच्या भिंतीवर ती आता टांगलेली आहे. इन्व्हर्टरवर, ड्राईव्हवर मोटर लावायची असं कुणी म्हणालं की ती आधी त्या पेटीकडं बोट करते आणि सगळी कथा सांगते. स्वतःला शिव्या घालून, रंगनाथला जास्त घालून. मग चहा, मग मोटर.

समोरचं दुकानही चालू आहे. झाडूची धूळ, वार्निशचा धूर, सगळं पहिल्यासारखं. फरक एवढाच, की चक्की किंवा पंप इन्व्हर्टरवर चालेल का असं कुणी विचारलं तर रंगनाथ आता 'सगळं चालतं' म्हणत नाही. तो हनुवटीनं रस्त्यापलीकडं दाखवतो. "तिथं जा. तिथं शिव्या फुकट मिळतात, वर मोटरीचा स्वभाव सांगत्यात."

यंदा दसऱ्याला विहिरीवर पूजा झाली. माळ आधी मोटरीला. मग सगळे बघत राहिले, कारण गोजरबाई ड्राईव्हकडं वळली. तिनं त्यालाही माळ घातली, आणि बोटानं असा भरघोस हळदकुंकवाचा मळवट भरला की पडदा पार झाकून गेला.

रंगनाथ खेकसला, "गोजरबाई! पडद्यावरचं काही दिसंना!"

"दिसलं तरी काय उपेग?" गोजरबाईनं ताटातलं खोबरं उचललं. "वाचता कुठं येतं तुमाला."